सुखदेवची जोडी आणि मुका भोंगा

भोंगेवाला म्हटलं की लोकांना वाटतं, याचं काम काय, झाडावर चढायचं, भोंगा बांधायचा आणि माइकसमोर 'हॅलो, हॅलो' करायचं. चांद्याला (आता चंद्रपूर म्हणतात, माझ्या तोंडात अजून चांदाच येतं) माझ्या दुकानावर येणारे लोकही असंच बोलायचे. "बाबूभाई, तुमचं बरं हाय जी. बोलनारा दुसरा, गानारा दुसरा, तुमी फक्त बटन फिरवता." मी वरून हसायचो आणि आतून असा चिडायचो की विचारू नका. बटण काय, माकडही फिरवील. बटणाच्या मागं काय चाललंय ते ज्याला कळतं तो मिस्तरी.

परवा पुतण्याच्या मुलाच्या लग्नात गेलो होतो. हल्ली भोंगे नसतात, पेट्या असतात. कपाटाएवढ्या पेट्यांची भिंत उभी केली होती आणि त्यातून नुसता धडधडाट. माझ्या छातीत आधीच धडधड आहे, वरून ही उसनी. मी उठून मागं गेलो आणि त्या पोराला विचारलं, "बाळा, पेट्या किती ओहमच्या लावल्यास?" तो म्हणाला, "चाचा, साउंड देखो, ओहम मत देखो." नवरदेव स्टेजवर पोचायच्या आत त्याच्या मशीनमधून धूर निघाला. मला आनंद झाला नाही. बरं, थोडासा झाला.

तेव्हा ठरवलं, संपादक मागं लागलेच आहेत तर लिहावं. सगळा जन्म सांगत बसत नाही. मी कुठं शिकलो, दुकान कधी टाकलं, त्यात कुणाला रस? उस्तादांनी पहिल्या दिवशी जे सांगितलं तेवढं आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचं मशीन म्हणजे काचेच्या वालांचं, जुन्या रेडिओत असत त्या दिव्यासारख्या व्हॉल्व्हचं. चालू केलं की वाल हळूहळू लाल होत, मग आवाज. त्याच्या पाठीमागं पितळी खुंट्या असत आणि त्यांच्यावर आकडे: चार, आठ, सोळा. हे ओहमचे आकडे. ओहम म्हणजे भोंगा मशीनच्या ताकदीला किती अडवतो त्याचं माप. माझे भोंगे सोळाचे. एक लावायचा तर सोळाच्या खुंटीवर. दोन शेजारी शेजारी जोडले तर आठच्या. चार जोडले तर चारच्या. भोंगे वाढले की आकडा घटतो, आणि इथंच भले भले गोंधळतात. शिवाय मशीन तीस वॅटच्या ताकदीचं आणि भोंगा पंधराचा, म्हणजे दोन भोंगे हवेतच. दोघांनी ओढायची गाडी एकाच बैलाच्या मानेवर टाकली तर काय होईल ते आमच्या झाडीपट्टीतल्या, धानाच्या मुलखातल्या माणसाला सांगायला नको. भोंग्याच्या आत एक पातळ पडदा असतो, तो फाटतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. मशीन चालू आहे, आवाज चढवलेला आहे आणि मागं एकही भोंगा नाही, असं कधीही, कधीही होऊ द्यायचं नाही. लोकांना वाटतं ओझं काढलं की यंत्राला आराम. उलट आहे. ताकद बाहेर पडायला वाट मागते, वाट मिळाली नाही की आतल्या आत ट्रान्सफॉर्मरमध्ये ठिणगी पडते आणि खेळ खल्लास. उस्ताद म्हणायचे, "बाबू, भार जास्त हुआ तो मशीन चिल्लाती है. भार निकाल लिया तो चुपचाप मरती है."

याच्या उलट लोकांची समजूत एकच: जितके भोंगे तितका आवाज. सिरोंच्याला एका लग्नात गेलो होतो. मुलीचा बाप मोठा हौशी. तिकडं बोली तेलुगू, माझी ही अशी, हातवारे करूनच निम्मं बोलणं. त्याचा मेहुणा गोदावरीच्या पलीकडं राहायचा आणि आजारी म्हणून लग्नाला येणार नव्हता. याचं म्हणणं, मंगलाष्टकं बावाला (तिकडं मेहुण्याला बावा म्हणतात) घरी बसून ऐकू गेली पाहिजेत. नदी केवढी ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. मी माझे चार भोंगे घाटावर नदीकडं तोंड करून बांधले आणि चारच्या खुंटीवर जोडले. जेवायला बसलो तेवढ्यात या भल्या माणसानं दुसऱ्या कुणाकडून आणखी दोन भोंगे मागवले आणि मला न सांगता त्याच तारेला गाठी मारून लटकवले. परत येऊन बघतो तर वालांच्या आतले पत्रे निखाऱ्यासारखे लाल आणि भटजींचा आवाज असा की घशात चिंचोका अडकलाय. पळत जाऊन आवाज खाली केला, मशीन वाचलं. दुसऱ्या दिवशी बावा स्वतःच नावेनं आला, घाबराघुबरा. काय, तर म्हणे काल तुमच्याकडं रात्रभर कोण रडत होतं?

असे किस्से पुष्कळ. पण एक आहे तो किस्सा म्हणून कधी सांगितला नाही. घरीसुद्धा नाही.

धान घरात आलं की झाडीपट्टीत शंकरपटांचा मोसम. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बैलांच्या शर्यती. मैदानात दोन समांतर वाटा, दोन्हींवर एकेक जोडी, मागं हलकासा छकडा, त्यावर हाकणारा धुरकरी. जी जोडी आधी पोचली ती जिंकली. माइकवर पुकारा होतो तो बैलांच्या नावानं नाही, धुरकऱ्याच्याही नाही, मालकाच्या नावानं. सुटायच्या आधी दोन्ही मालकांची नावं घ्यायची आणि सुटून झाल्यावर फक्त जिंकणाऱ्याचं. हरलेल्याचं नाव पुन्हा कोणी घेत नाही, उगाच जखमेवर मीठ कशाला.

सिंदेवाहीच्या पुढं जंगलाच्या कडेला एक गाव आहे, तिथला पट माझ्याकडं दर वर्षी असायचा. गावाचं नाव लिहीत नाही, त्या घरातली माणसं आहेत अजून. मी मशीन धानाच्या तणसात गुंडाळून पेटीत घालायचो, दोन भोंगे, दोन मोटारीच्या बॅटऱ्या, तारांची वेटोळी, आणि छोट्या रेल्वेगाडीनं निघायचो. स्टेशनवर पाटलांची बैलगाडी उभी असायची. बॅटरीच्या तेजाबानं माझा एकही पायजमा तेव्हा धड नव्हता, आणि त्या गावातल्या बाया मला बघून तोंडाला पदर लावायच्या, ते हसू आवरायला.

दोन भोंग्यांपैकी एक मैदानाकडं. दुसरा मोहाच्या उंच झाडावर, गावाकडं तोंड करून, कारण म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया पटावर येत नसत. त्या घरी बसून ऐकायच्या. खरं म्हणजे गावाला माझं कौतुक होतं ते या दुसऱ्या भोंग्यासाठी.

त्या वर्षी सकाळी दोन्ही भोंगे बांधले, आठच्या खुंटीवर जोडले, शाळेचे गुरुजी पुकारा करायचे त्यांच्या हातात माइक दिला आणि मी चहा घ्यायला मांडवाच्या मागं गेलो. दोन घोट घेतले असतील नसतील, मैदानाकडच्या भोंग्यानं एकदम अशी किंकाळी मारली की माझ्या हातातला कप पडला. मी ओळखलं. दुसरा भोंगा तुटलाय आणि सगळी ताकद या एकट्यावर आलीय. धावत जाऊन आवाज खाली केला आणि झाडाकडं पळालो. वर एक गडी चढलेला. विळ्यानं तार कापून, भोंग्याचं तोंड फिरवून, त्यावर चक्क घोंगडी गुंडाळत होता!

माझं डोकं फिरलं. "अरे ओ! कोणाच्या बापाची तार आहे ती? खाली उतर आधी! मशीन जळालं असतं म्हणजे?"

तो गडी वरूनच म्हणाला, "मले पाटलांनं सांगतलं, जी."

पाटील आले. चांगला माणूस, आवाज न चढवता बोलणारा. माझा दंड धरून बाजूला घेतलं. "बाबूभाई, रागावू नका. ते पाहा, गावाच्या तोंडाशीच ते घर. सुखदेवचं. हिवतापानं गेला, मळनी चालू होती तेव्हा. तेरवी झाली, पन घरात दुख हाय. आमच्याकडं दुखाच्या घरासमोरून वरात गेली तरी बाजा बंद करते. अन् हा भोंगा त सरळ त्याच्या दारात बोंबलून राह्यला."

सुखदेवला मी ओळखत होतो. मागच्या पटाला झाडावर भोंगा चढवायला त्यानंच मला हात दिला होता. तरणाताठा, सदा हसता माणूस, बैलांवर जीव टाकणारा. मला बातमीच नव्हती. मग एवढंच म्हणालो, "पाटील, आधी मला सांगायचं. असा कापून चालत नाही. एक भोंगा गेला तर दुसरा फाटेल. त्याच्या जागी काहीतरी द्यावं लागतं."

ते काहीतरी माझ्याकडं होतं. उस्तादांनीच करून दिलेलं. विजेच्या शेगडीची तार मापानं कापून चिनी मातीच्या नळीवर गुंडाळलेली आणि भोकं पाडलेल्या बिस्किटाच्या डब्यात बसवलेली. तीही सोळा ओहमची. खुंटीला जोडली की मशीनला वाटतं दुसरा भोंगा आहेच. आपल्या वाटणीची ताकद ती गुपचूप गिळते, आवाज काही नाही, फक्त गरम होते. आम्ही तिला मुका भोंगा म्हणायचो. मी मुका जोडला, मशीन सावरलं, मैदानाकडचा भोंगा नीट बोलू लागला आणि गावाकडं सगळं शांत झालं. पाटलांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मलाही बरं वाटलं. दुखाचा मान राहिला आणि मशीनही राहिलं, आणखी काय पाहिजे?

थंडीचे दिवस. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्याचं लांबलचक भाषण सुरू झालं तसा डबा तापला. एक म्हातारबाबा त्याच्याजवळ उकिडवा बसला आणि हात शेकू लागला. "ह्या डब्यात काय हाय गा?"

"भाषण आहे, बाबा. अर्धं तिकडं जातंय, अर्धं इथं."

"मंग इथलंच बरं हाय," म्हातारबाबा म्हणाला.

पट सुरू झाला. जोड्या सुटू लागल्या, धूळ, आरडाओरडा, टोप्या उडताहेत. लहान मुलं सारखी वाटेवर यायची आणि गुरुजी माइकवरून त्यांना हाकलायचे. असा रंग चढला असताना मांडवाच्या कडेला एक बाई येऊन उभी राहिली. लुगड्याचा काष्टा, पांढरे केस, हातात काठी. माणसं बाजूला सरकली. सुखदेवची आई होती ती, भागाबाई. तिनं पाटलांनाच गाठलं.

"गावाकडचा भोंगा काऊन बंद हाय?"

पाटील गडबडले. "काकी, तुमच्या घरी दुख हाय म्हनून—"

"दुख आमच्या घरी हाय, अन् भोंगा कोनाले पुसून बंद केला?"

तो प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता, माझ्याही.

भागाबाई म्हणाली, "आज त्याची जोडी सुटून राह्यली. नामदेव हाकून राह्यला. सून सकायपासून दारात बसून हाय, आता पुकारतीन, मंग पुकारतीन. अन् भोंगा मुका!"

नामदेव म्हणजे सुखदेवचा धाकटा भाऊ. मैदानाच्या त्या टोकाला तो जोडी घेऊन उभा होता, पांढरे बैल, शिंगांना काही बांधलेलं नाही.

पाटील हळूच म्हणाले, "काकी, खरं सांगू का? गुरुजीले आमी नामदेवचंच नाव घ्याले सांगतलं हाय. गेलेल्या मानसाचं नाव पटावर कसं घ्याचं? लोकं काय म्हनतीन? अन् पोरीनं ऐकलं त ती रडन."

आता भागाबाईचा आवाज चढला. "रडू दे नं बाप्पा! रडतच नाई ती! तो गेला तवापासून घरात कोनी त्याचं नाव घेत नाई. मी घेत नाई, नामदेव घेत नाई. पोरीले तरास होईन म्हनून. शेजारचे आले त तेही 'तो' म्हनते, 'त्यायचं' म्हनते. अन् ती त बायको, ती नवऱ्याचं नाव कशी घेन? यमुनानं काल मले म्हटलं, आई, पटात त पुकारतीन नं? एकडाव कानावर येईन नं? मी हो म्हटलं. आता घरी जाऊन काय सांगू तिले, सांगा?"

पाटलांनी पागोटं काढलं, पुन्हा घातलं. नामदेवच्या आधीच्या दोन्ही जोड्या सुटल्यासुद्धा. आता पाळी त्यांचीच.

पाटलांनी माझ्याकडं बघितलं. "बाबूभाई, होते का?"

तसं म्हटलं तर मशीन बंद करून तार जोडावी हे शहाणपण. पण वाल थंड झाले की पुन्हा तापायला वेळ, आणि वाटेवर येणारी ती पोरं. माइक बंद ठेवून जोड्या सोडणं म्हणजे कुणाचा तरी जीव घेणं. चालू मशीनवरच करावं लागणार होतं. त्याची एक रीत आहे. आधी जोडायचं, मग सोडायचं. नवा भोंगा जोडून झाल्याशिवाय मुक्याला हात लावायचा नाही. क्षणभर मशीनवर भार जास्त होतो, तेवढा ते सोसतं. पण आधी मुका काढला तर मैदानाकडचा एकटा पडणार, आणि मघाच्या किंकाळीनं त्याचा पडदा आधीच दुखावलेला. तो गेला असता तर नावही गेलं असतं आणि पटही.

अडचण अशी की तार कापलेली होती झाडावर आणि मुका होता खाली मशीनजवळ. मी एकटा दोन्हीकडं कसा असणार? गुरुजींना म्हटलं, "मी वरून हात हलवला की या डब्याची एक तार खुंटीवरून काढायची. त्याआधी नाही. आणि डब्याला हात लावू नका, भाजेल. तोवर आवाज हा असा खाली राहू द्या, बोलत राहा."

गुरुजी म्हणाले, "बाबूभाई, माझ्यानं चुकलं तर?"

"चुकवू नका," मी म्हणालो, आणि झाडाकडं पळालो.

मोहाचं झाड चढायला सोपं, पण तेजाबानं खाल्लेला पायजमा फांदीला अडकून टरकन फाटला. खाली कोणी हसलं नाही. घोंगडी फेकून दिली. भोंग्याचं तोंड ढकलून पुन्हा गावाकडं केलं. तारेची टोकं दातांनी सोलली, भोंग्याच्या टोकांना पीळ दिला, एक, मग दुसरं. भोंग्यातून गुरुजींचा आवाज दबका दबका येऊ लागला. मी हात हलवला. खाली गुरुजींनी डोळे मिटून डब्याची तार ओढली. मैदानाकडचा भोंगा होता तसा बोलत राहिला. मी ओरडलो, "आता आवाज वाढवा!"

झाडावरून ते घर समोरच दिसत होतं. दारात उंबऱ्याला टेकून एक बाई बसलेली. भोंगा माझ्या कानापासून हातभर अंतरावर. खाली उतरायचं भानच राहिलं नाही.

गुरुजी आधी दुसऱ्या गावच्या जोडीच्या मालकाचं नाव बोलले. मग थांबले. इतके थांबले की मला वाटलं, यांनी कच खाल्ली. आणि मग भोंगा गरजला:

"सुखदेव गोविंदा, राहणार हेच गाव, यांची जोडी!"

माझा कान बधिर झाला. सगळ्या गावावरून ते नाव गेलं आणि मागच्या जंगलापर्यंत पोचलं असेल. दारातली बाई उठून उभी राहिली. नुसती उभी राहिली, जसं कोणी हाक मारल्यावर माणूस उठतं तसं.

जोड्या सुटल्या. माझं लक्ष मैदानाकडं नव्हतंच, ओरडण्यावरून कळलं ते एवढंच की नामदेवची जोडी निम्म्या वाटेपर्यंत पुढं होती, मग मागं पडली. हरली. पाहुण्या गावाचे लोक नाचायला लागले. गुरुजींनी रीतीप्रमाणं जिंकणाऱ्याचं नाव पुकारलं.

मी उतरून मांडवात येतो तर भागाबाई गुरुजींच्या समोर उभी. "त्याचं सांगा नं."

गुरुजी म्हणाले, "आई, तुमची जोडी हरली. हरलेल्याचं नाव आपण घेत नाही."

"हारली त हारली म्हनून सांगा. खोटं सांगा म्हनून कोन म्हनते? पन नाव घ्या."

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, मी पाटलांकडं, पाटील धुळीकडं. मग गुरुजींनी माइक तोंडाजवळ नेला आणि म्हणाले, "सुखदेव गोविंदा यांची जोडी हरली." कुठल्याही पटावर मी असा पुकारा ऐकलेला नाही, त्याआधीही नाही आणि नंतरही नाही. मैदानात कोणीतरी टाळी वाजवली. मग पुष्कळांनी वाजवली. नामदेव बैलांच्या मानेत तोंड घालून उभा होता, आणि खरं सांगतो, माझेही डोळे भरून आले.

दिवस मावळायला आला तसं सामान आवरलं. भोंगे उतरवले, तारा गुंडाळत गुंडाळत गाडीबरोबर गावातून निघालो. ते घर वाटेवरच. दारात यमुना उभी होती. मी तिला जवळून पहिल्यांदाच बघत होतो. वय ते काय, पोरसवदाच. मी नजर खाली घालून पुढं जाणार तेवढ्यात तिनं हाक दिली.

"मिस्तरी भाऊ."

गाडी थांबवली.

"ते दोनदा घेतलं नं नाव? दुसऱ्या डावी घेतलं तवा मी हिरीवर पानी भरत होती. नीट ऐकू आलं नाई. आनखी एकडाव घेता येते काय?"

मी गाडीतल्या पेटीकडं बघितलं. बॅटऱ्या उतरलेल्या, मशीन तणसात बांधलेलं, भोंगे उलटे टाकलेले. "बाई, मशीन तर..." एवढं बोललो आणि माझी मलाच लाज वाटली. नाव घ्यायला मशीन कशाला लागतं? जन्मभर दुसऱ्यांचे आवाज मोठे केले, माइकवर स्वतः कधी 'हॅलो'च्या पुढं गेलो नाही, म्हणून ते सुचलं नव्हतं इतकंच. दुखाचं घर, समोर विधवा बाई, शेजारपाजारचे बघताहेत. मी घसा साफ केला आणि अगदी हळू, पुटपुटल्यासारखं म्हणालो, "सुखदेव गोविंदा."

तिनं पदर डोक्यावर पुढं ओढून घेतला, घरधनी आल्यावर घेतात तसा. मग म्हणाली,

"मोठ्यानं घ्या नं, भाऊ."

मी घेतलं. आसपासच्या घरांतली माणसं काय झालं म्हणून बाहेर आली, तरी घेतलं.